प्रश्न ब्युरेटमध्ये मावला पाहिजे : मुंबईत रसायनशास्त्राचा विद्यार्थी-प्रकल्प कसा करावा

"मॅडम, आम्ही मिठी नदीतले हेवी मेटल्स घेतोय."

दर जुलैला हे वाक्य माझ्या टेबलापाशी येतं. चौघांचा घोळका, पुढे त्यांच्यातली बोलकी मुलगी, हातात फाइल आणि फाइलवर प्रकल्पाचं नाव स्केचपेनने आधीच रंगवलेलं. मी विचारते, "कशाने मोजणार?" मग चौघं एकमेकांकडे बघतात.

परळकडच्या एका कॉलेजात मी २२ वर्षं रसायनशास्त्र शिकवते. या काळात फसलेले प्रकल्प बरेच पाहिले. त्यांतले बहुतेक प्रयोगाला हात लागायच्या आधीच, नाव ठरवतानाच फसलेले होते. म्हणून आता मुलांना मी एकच अट घालते : प्रश्न ब्युरेटमध्ये मावला पाहिजे. लॅबमध्ये जी काच आहे तिच्यावर, तुमच्या हाताने, वाचता येण्याजोगं रीडिंग येईल असाच प्रश्न घ्यायचा. ब्युरेट म्हणजे खाली तोटी असलेली, रेघा आखलेली काचेची नळी; तिच्यातून द्राव थेंबाथेंबाने सोडून किती लागला ते वाचायचं, यालाच टायट्रेशन म्हणतात. ब्युरेट ५० मिलिचं, त्याची एक रेघ ०.१ मिलिची. रीडिंग १ मिलिच्या खाली गेलं की चूक उत्तराएवढी मोठी होते आणि ५० च्या वर गेलं की ब्युरेट पुन्हा भरावं लागतं. ५ ते २५ मिलि ही आपली राहती जागा.

शिसं, कॅडमियम, क्रोमियम या जागेत येत नाहीत. नदीच्या पाण्यात ते लिटरमागे मिलिग्रॅमच्या हजाराव्या हिश्शांत असतात आणि त्यांना अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनसारखं यंत्र लागतं. पवईला आयआयटीत बाहेरचे नमुने फी घेऊन तपासायची सोय आहे, नाही असं नाही. पण तिथून आलेला कागद फाइलला टाचला आणि तोंडी परीक्षेत कोणी विचारलं, "यात तुम्ही काय केलं?", तर "पाणी भरून आणलं" एवढंच उत्तर उरतं.

बरं, मिठीच हवी असेल तर तीच नदी घ्या, फक्त प्रश्न बदला. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघालेली ही नदी माहीमच्या खाडीत उतरते, म्हणजे तिच्या खालच्या टप्प्यात दिवसातून दोनदा समुद्र आत येतो. भरतीचं पाणी कुठवर चढतं? याचं उत्तर क्लोराइड देतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण १९ ग्रॅम क्लोराइड असतं, गोड्या पाण्यात काही मिलिग्रॅम. इतका फरक कॉलेजच्या ब्युरेटवर आंधळ्यालाही दिसेल. पुलापुलावरून, भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा, दोरीला बांधलेल्या बादलीने नमुना घ्यायचा. नदीत उतरायचं नाही, पायाला जखम असताना तर काठावरसुद्धा नाही. पावसाळ्यात या शहरात लेप्टो होतो. भरती-ओहोटीचा हा मुद्दा हेवी मेटल्सवाल्यांनाही लागू आहे, हे जाता जाता सांगते. नमुना भरतीचा की ओहोटीचा हे लिहिलेलं नसेल, तर मिठीच्या खालच्या टप्प्यातल्या कुठल्याही आकड्याला अर्थ नाही.

आधी कागदावर टायट्रेशन करा

विषय सुचला की बाटल्या धुवायला घेऊ नका. वही काढा आणि अपेक्षित रीडिंग किती येईल ते मांडा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि निम्मे विषय इथेच गळतात.

एक उदाहरण मी दर वर्षी फळ्यावर सोडवते. सोसायटीच्या टाकीतून नळापर्यंत येताना पाण्यातला क्लोरिन किती उडतो? प्रश्न झकास आहे, मुंबईतल्या प्रत्येक घराचा आहे. भांडुपहून निघालेलं पाणी क्लोरिनयुक्त असतं, मग ते इमारतीच्या खालच्या टाकीत आणि वरच्या टाकीत पडून राहतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००मध्ये, उरलेला मुक्त क्लोरिन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा असं म्हटलंय. आता मुलं म्हणतात आयोडोमेट्री करू, म्हणजे क्लोरिनने मोकळं केलेलं आयोडीन थायोसल्फेटने मोजू, थायोसल्फेट आहेच. करा हिशेब. अर्धा लिटर पाण्यात ०.१ मिलिग्रॅम क्लोरिन. त्याला ०.०१ नॉर्मल ताकदीचं थायोसल्फेट लागेल ०.२८ मिलि. ब्युरेटच्या तीन रेघाही नाहीत! विषय चांगला असूनही ब्युरेटमध्ये मावला नाही. त्याला डीपीडी गोळ्यांचं रंग जुळवायचं किट लागतं. ते मिळत असेल तर खुशाल करा, पण टायट्रेशनच्या आशेवर करू नका. काही ठिकाणी अजून ऑर्थोटोलिडीनची पिवळा रंग देणारी जुनी बाटली असते. ते द्रव्य कर्करोगाच्या संशयितांत आहे. बाटली कपाटातच राहू द्या.

दुसरं उदाहरण वडापावच्या तेलाचं. तळून तळून तेल खराब होतं तसं त्यात मोकळी आम्लं वाढतात. १० ग्रॅम तेल घेतलं आणि त्याचं आम्लमूल्य (एक ग्रॅम तेलातली मोकळी आम्लं मारायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं तो आकडा) २ असेल, तर ०.१ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागेल ३.६ मिलि. जरा कमी आहे. तेल २० ग्रॅम घ्या, ७ मिलि येईल, मावलं. पण इथे खोच दुसरीकडे आहे. गाडीवाला दिवसभर जुन्या तेलात नवं तेल ओतत असतो. संध्याकाळच्या नमुन्यात आम्ल कमी दिसलं तर तेल चांगलं होतं की नुकतं ओतलं होतं, कसं सांगणार? शिवाय कुणाच्या पोटावर पाय येईल अशी गाडीची नावं प्रकल्पात लिहिणं मला पटत नाही. घरीच एक लिटर तेल घ्या, त्यात मोजून तेवढेच बटाटेवडे दहा वेळा तळा आणि दर दोन घाण्यांनंतर २० ग्रॅम काढून ठेवा. आईला आधी विचारा. खाद्यसुरक्षा प्राधिकरणाने वापरलेल्या तेलासाठी ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ची, म्हणजे तळून तळून तेल मोडल्यावर वाढणाऱ्या घटकांची, २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, ती मात्र वेगळी गोष्ट. आम्लमूल्यावरून ‘तेल बेकायदेशीर आहे’ असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि परीक्षक नेमकं इथेच पकडतात.

एक प्रकल्प जवळून : खाऱ्या हवेची मेणबत्ती

आता मला सगळ्यांत आवडणारा प्रकल्प. दादर चौपाटीजवळ राहणाऱ्यांच्या खिडकीचं ग्रिल दोन-तीन वर्षांत पोपडे सोडतं, मुलुंडच्या मावशीचं तसंच ग्रिल बरीच वर्षं टिकतं. कारण सगळ्यांना माहीत आहे, खारी हवा. पण किती खारी? समुद्रापासून किती आत गेलं की कमी होते? हा आकडा मोजायची पद्धत गंजाच्या अभ्यासात जुनी आहे, तिला ‘वेट कँडल’, म्हणजे ओली मेणबत्ती, म्हणतात. आयएसओ ९२२५ या मानकात ती दिलेली आहे आणि ती कॉलेजच्या लॅबमध्ये जवळजवळ फुकटात बनते.

तत्त्व सोपं. ओलं कापड हवेत ठेवलं की वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे कण त्याला चिकटतात. कापड सतत ओलं राहावं म्हणून त्याची टोकं खालच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलेली असतात. ठरावीक दिवसांनी कापड त्याच पाण्यात धुवायचं आणि क्लोराइड मोजायचं. उत्तर येतं दर चौरस मीटरला, दर दिवशी किती मिलिग्रॅम. आयएसओ ९२२३ मध्ये त्याच्या पायऱ्या आहेत : ३ पर्यंत नगण्य, ३ ते ६० पहिली पायरी, ६० ते ३०० दुसरी, ३०० ते १५०० तिसरी.

आधी कागद. २५ मिमी व्यासाची बॉइलिंग ट्यूब घेतली तर तिचा परीघ ७.८५ सेंमी. त्यावर १२.७ सेंमी उंचीपर्यंत कापड गुंडाळलं की क्षेत्रफळ बरोब्बर १०० चौरस सेंमी, म्हणजे ०.०१ चौरस मीटर. समजा हवेत ५० मिलिग्रॅमचा दर आहे आणि आपण १५ दिवस ठेवलं. ५० गुणिले ०.०१ गुणिले १५, म्हणजे ७.५ मिलिग्रॅम क्लोराइड जमलं. सगळं २५० मिलि केलं, त्यातलं १०० मिलि टायट्रेशनला घेतलं, तर त्यात ३ मिलिग्रॅम. ०.०१ मोलर सिल्व्हर नायट्रेटचा एक मिलि ०.३५४५ मिलिग्रॅम क्लोराइड खातो, म्हणून रीडिंग येईल सुमारे ८.५ मिलि. छान. पण मुलुंडला दर ५ असेल तर? मग ०.८५ मिलि, म्हणजे गेलं. तिथली मेणबत्ती ३० दिवस ठेवायला हवी, तेव्हा कुठे १.७ येईल, तेही काठावरच. हे आधी कळलं तर वेळापत्रक बदलता येतं. नंतर कळलं तर फक्त निबंध लिहिता येतो.

बनवायची कशी ते सांगते. औषधाच्या दुकानातली साधी बँडेजची जाळी घ्या, पण तशीच वापरू नका. तिच्यात धुलाईतलं क्लोराइड असतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये तीन-चारदा उकळा. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका, दुधाळ झालं तर आणखी एकदा. डिस्टिल्ड वॉटरची पण हीच परीक्षा घ्या. गॅरेजमधून ‘बॅटरीचं पाणी’ आणणारे खूप असतात, त्यातल्या काही कॅनना थेंब टाकल्याबरोबर ढग येतो. यापुढे जाळीला बोट लावायचं नाही, चिमटा आणि हातमोजे वापरायचे. मुंबईच्या उकाड्यात बोटाच्या घामात जेवढं मीठ असतं, त्याने मुलुंडचं आख्खं उत्तर बदलेल.

रुंद तोंडाची ५०० मिलिची बाटली, तोंडाला रबरी बूच, मध्ये ट्यूबपुरतं भोक आणि बाजूला जाळीच्या दोन शेपट्या खाली सोडायला दोन लहान भोकं. ट्यूब उलटी, बंद टोक वर. जाळी तिच्यावर दोन पदरी घट्ट गुंडाळायची आणि शेपट्या बाटलीत सोडायच्या. बाटलीत डिस्टिल्ड वॉटरमध्ये २० टक्के ग्लिसरीन घातलेला द्राव सुमारे २०० मिलि. ग्लिसरीनमुळे कापड वाळत नाही. महिनाभर ठेवलेल्या बाटलीत बुरशी धरायची शक्यता असते, म्हणून शक्य तिथे १५ दिवसांच्या दोन फेऱ्या बऱ्या. मुलुंडच्या बाटलीकडे मात्र आठवड्यातून एकदा बघत राहा.

ठेवायची जागा समुद्राच्या वाऱ्याला उघडी पण पावसापासून झाकलेली हवी. बाल्कनी, जिन्याची खिडकी, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखालची जागा. सगळीकडे जमिनीपासून साधारण सारखी उंची, म्हणजे एक तळमजला आणि एक अठरावा मजला अशी तुलना नको. आमची मुलं लोकलने येतात, त्यामुळे जागा आपोआप मिळतात : एक शिवाजी पार्कला, एक परळला, एक शीवला, एक घाटकोपरला, एक मुलुंडला. प्रत्येक जागी एक नाही, दोन मेणबत्त्या. आणि एक तिसरी, तशीच बनवलेली पण झाकण लावून कपाटात ठेवलेली. तिच्यात जे क्लोराइड निघेल ते आपल्याच हाताचं, ते सगळ्यांतून वजा करायचं. मुलांना हा ‘ब्लँक’ फुकटचा वाटतो. माझ्या मते तो नसेल तर बाकीचं सगळं फेकून द्यावं.

काळ महत्त्वाचा. जून ते सप्टेंबर वारा जोरात असतो, पण आडवा पाऊस बाल्कनीत घुसतो आणि बाटल्या भरतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत दुपारी समुद्रावरून आत येणारा वारा असतो, हवा कोरडी असते. पहिल्यांदा करणाऱ्यांनी हीच वेळ धरावी. दिवाळीच्या आठवड्यात मात्र ठेवू नका, फटाक्यांच्या धुरात क्लोराइड असतंच.

मग संकटं. पहिलं कबूतर. बाल्कनीतली नवी वस्तू त्याला बसायलाच ठेवलीय असं त्याला वाटतं, आणि विष्ठेत क्लोराइड असतं. भोवती मोठ्या छिद्रांची तारेची जाळी लावा. बारीक जाळी नको, तिच्यावरच मीठ अडकेल. दुसरं संकट घरातलं. एका मुलाच्या आजीने "ही कसली बाटली, डास होतील" म्हणून ती चौदाव्या दिवशी मोरीत ओतली. तेव्हापासून आमच्या प्रत्येक बाटलीवर मोठ्या मराठी अक्षरात ‘कॉलेजचा प्रयोग, हात लावू नये’ आणि खाली तारीख असते.

टायट्रेशन, आणि ‘सी.बी.आर.’चा रोग

बाटली लॅबमध्ये आली की जाळी त्याच द्रावात पिळायची, डिस्टिल्ड वॉटरने दोनदा खंगाळायची आणि सगळं २५० मिलिच्या फ्लास्कमध्ये रेघेपर्यंत भरायचं. गाळून घ्या, काजळी असतेच.

पद्धत मोरची, १८५६ सालची, अजून तिच्यात काही बिघडलेलं नाही. १०० मिलि द्राव, त्यात ५ टक्के पोटॅशियम क्रोमेट १ मिलि, आणि ब्युरेटमध्ये ०.०१ मोलर सिल्व्हर नायट्रेट. एक लिटरला १.७० ग्रॅम लागतं. द्रव्य महाग आहे, पाव लिटरच करा, तपकिरी बाटलीत ठेवा. पांढरा साका आधी पडतो. क्लोराइड संपलं की पुढचा थेंब क्रोमेटशी जुळतो आणि पिवळ्यावर विटकरी झाक येते. झाक येताक्षणी थांबायचं. पूर्ण विटकरी होईपर्यंत थांबलात तर एक मिलि वर गेलात. खाली पांढरा कागद ठेवा आणि शेजारी न टायट्रेट केलेला पिवळा फ्लास्क तुलनेला ठेवा. द्रावाचा पीएच ६.५ ते १० मध्ये हवा. आम्लधर्मी असेल तर क्रोमेट स्वतःच बदलतं आणि शेवट उशिरा दिसतो. चिमूटभर शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट टाकलं की काम होतं.

सिल्व्हर नायट्रेट खरंच ०.०१ आहे का ते वाळवलेल्या शुद्ध सोडियम क्लोराइडवर तपासा : ०.१४६ ग्रॅम २५० मिलिमध्ये. घरचं मीठ नको, त्यात न गुठळ्या होण्याचं औषध आणि आयोडीन असतं.

आता रोगाबद्दल. बारावीपासून मुलांना सवय लागते : तीन रीडिंग आणि खाली ‘सी.बी.आर.’, कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. पहिलं ८.४ आलं की दुसरं ८.४, तिसरंही ८.४. देवाला डोळे मिटून हात जोडावेत तसं ते लिहिलं जातं. मी जर्नल तपासते तेव्हा ८.४, ८.४, ८.४ दिसलं की पान उलटते. ८.३, ८.५, ८.४ दिसलं की थांबून वाचते. पिपेटने घेतलेल्या एकाच द्रावाची रीडिंग ०.१च्या आत यायला हवीत. पण दोन शेजारच्या मेणबत्त्या सारख्या येणार नाहीत. त्यांच्यात १५-२० टक्के फरक आला तर घाबरू नका, तो हवेचा आणि कापडाचा आहे. तो तसाच लिहा, कारण शिवाजी पार्क आणि परळ यांच्यातला फरक खरा आहे की नाही हे त्या फरकावरूनच ठरणार आहे.

हिशेबाचा नमुना देते. समजा परळच्या बाटलीचं रीडिंग ६.२ आणि कपाटातल्या ब्लँकचं ०.४. उरले ५.८ मिलि. त्याला ०.३५४५ ने गुणलं, २.०६ मिलिग्रॅम, हे १०० मिलिमधलं. आख्ख्या २५० मिलिमध्ये ५.१४. भागिले ०.०१ चौरस मीटर, भागिले १५ दिवस : ३४. कॅल्क्युलेटर ३४.२७ म्हणेल. तुमच्या दोन मेणबत्त्यांत १५ टक्के फरक असताना ते .२७ कुठून आलं, असं मी विचारते आणि गुण कापते.

गणपतीनंतरचा प्रकल्प

ज्यांना गणेशोत्सवाशी जोडलेला विषय हवा असतो त्यांच्यासाठी हा दुसरा. थोडक्यात सांगते.

प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घट्ट झाली की ती जिप्सम असते. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम २ ते २.५ ग्रॅम विरघळतं, म्हणून मूर्ती किनाऱ्यावर तशीच परत येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय पुढे आणला. बेकरीवाले नानकटाईत ज्याला अमोनिया म्हणतात तेच हे. जिप्समचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. वजनाने १७२ भाग जिप्समला १५८ भाग अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे जवळपास सारखंच.

खरी मूर्ती फोडू नका. हार्डवेअरच्या दुकानातून पीओपी आणा आणि जुन्या इडलीपात्रात चकत्या पाडा, सगळ्या एका मापाच्या होतात. प्रश्न एकच घ्या : ढवळल्याने किती फरक पडतो? चकतीच्या पृष्ठभागावर तयार झालेलं कार्बोनेट आतल्या जिप्समला झाकतं, त्यामुळे नुसतं बुडवून ठेवणं आणि दर चार तासांनी ढवळणं यात फरक दिसायला हवा. दर दिवशी साक्यातलं थोडं घ्या, नीट धुवा, वाळवा. ०.२ ग्रॅम साका ५० मिलि ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात टाका आणि उरलेलं आम्ल ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने मोजा. सगळं कार्बोनेट झालं असेल तर १० मिलि लागतील, अर्धंच झालं असेल तर ३०. बघा, मावतंय.

बायकार्बोनेटची पिशवी उघडी राहिली की ते आपोआप उडतं, म्हणून वापरायच्या दिवशी तेही आम्लाने तपासून घ्या. आणि झाकण! १०० ग्रॅम जिप्सममागे सुमारे १४ लिटर वायू निघतो. हे गणित मुलांना करायला लावून मीच एके वर्षी विसरले. वास नको म्हणून मुलांनी बाटलीचं फिरकीचं झाकण घट्ट लावलं, मी बघितलं आणि काही बोलले नाही. सकाळी लॅबमधले मामा फोन करून म्हणाले, "मॅडम, कपाटात काहीतरी फुटलंय आणि डोळे चुरचुरतायत." सुदैवाने बाटली प्लास्टिकची होती. तेव्हापासून फक्त सैल झाकण, तेही खिडकीपाशी.

उरलेल्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं म्हणून ते झाडांना घालायचा मोह होतो. पांढऱ्या चकत्यांचं पातळ करून घाला. रंगवलेल्या मूर्तीचं घालू नका, त्या रंगात काय आहे ते तुम्ही मोजलेलं नाही.

सामान, पैसा, वेळ

काचेची भांडी आणि रसायनं प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतात. जाताना कॉलेजचं शिक्क्याचं पत्र न्या, तीव्र आम्लं नुसती मागून मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. आणण्याआधी लॅबच्या मामांना विचारा. मागच्या बॅचची निम्मी शिल्लक त्यांच्याकडेच असते. मोठी खरेदी फक्त सिल्व्हर नायट्रेटची.

वेळेचं म्हणाल तर जुलैत कागदावरचा हिशेब, ऑगस्टमध्ये एकाच नमुन्यावर हात बसवणं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खरी मोजणी. डिसेंबरच्या आत आकडे हातात हवेत, कारण विद्यापीठ पातळीवरची ‘आविष्कार’ स्पर्धा साधारण तेव्हाच डोक्यावर येते. शाळेतल्या मुलांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतला कृतिसंशोधन प्रकल्प आणि राष्ट्रीय बालविज्ञान परिषद आहे. तिथे मेणबत्तीचा प्रकल्प चालतो, पण क्रोमेट शाळकरी हातात देऊ नका. टायट्रेशन शिक्षकाने करावं, मुलांनी वाचावं.

लिहिताना

प्रस्तावनेत ‘आजच्या युगात प्रदूषण ही एक ज्वलंत समस्या आहे’ असलं वाक्य दिसलं की परीक्षक चहा मागवतो. पहिल्या परिच्छेदात ग्रिलचं लिहा. मग प्रश्न एका ओळीत, मग काय केलं, मग आकड्यांचा तक्ता, त्यात ब्लँक आणि फसलेली रीडिंगसुद्धा. आजीने ओतलेली बाटलीही लिहा, ‘नमुना नष्ट’ म्हणून. आलेख एकच, समुद्रापासूनचं अंतर आडवं आणि क्लोराइड उभं. प्रत्येक ठिपक्याला दोन मेणबत्त्यांमधल्या फरकाएवढी उभी रेघ. घाटकोपर आणि मुलुंडच्या रेघा एकमेकींवर चढल्या तर ‘फरक सांगता येत नाही’ असंच लिहायचं. ठाण्याची खाडी पूर्वेला जवळ आहे, मुलुंडच्या अलीकडे मिठागरं आहेत, तेव्हा अरबी समुद्रापासूनचं अंतर पुरेसं नसेलही. हा संशय मुलांनी स्वतः मांडला तर मला बक्षिसापेक्षा जास्त आनंद होतो. संगणकाकडून परिच्छेद लिहून घेतला तर तोंडी परीक्षेत तिसऱ्या प्रश्नाला कळतं, कारण तुमच्या कबुतराबद्दल त्याला काही माहीत नसतं.

काम संपलं की निष्कर्षाची एक प्रत ज्या सोसायट्यांत बाटल्या ठेवल्या त्यांच्या सेक्रेटरींना द्या. ग्रिलला रंग दर किती वर्षांनी लावायचा यावर त्यांच्या सभेत भांडण होतंच, निदान आकडा तरी असेल.

शेवटी सिंक. क्रोमेट विषारी आहे आणि चांदी महाग, दोन्ही नळाखाली जाता कामा नयेत. टायट्रेशननंतरचं सगळं पाणी एका मोठ्या बाटलीत साठवा, साका खाली बसला की वरचं पिवळं पाणी वेगळ्या बाटलीत काढा, साक्यातली चांदी पुढची बॅच परत मिळवू शकते. दोन्ही बाटल्यांवर आत काय आहे, किती आहे आणि कोणत्या तारखेचं आहे ते लिहा. नुसतं ‘वेस्ट’ लिहिलेली बाटली पुढे कोणी उघडत नाही आणि टाकतही नाही. आमच्या कपाटात तशा चार आहेत, सगळ्यांत जुनी माझ्या आधीची.